तेजाब नको, आधी पन्हळ बघा

श्रावण लागला की ग्वाल्हेरच्या लश्करमधल्या जुन्या देवळांच्या ट्रस्टींना एकदम भिंती दिसायला लागतात. वर्षभर कुणी मान वर करून बघत नाही, पण दोन-चार वेळा नीट पाऊस झाला, दगड हिरवा-काळा पडला आणि गणपती महिन्यावर आले की मग वॉट्सॲपवर फोटो, फोटोखाली सल्ले. (हिंदीवाल्यांचा सावन आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे शेजारच्या मंदिरांचं रंगकाम आधीच झालेलं असतं आणि आपल्या लोकांना अजूनच लाज वाटायला लागते.) यंदाही तेच. आमच्या गल्लीतलं महादेवाचं देऊळ, शिंदेशाहीतलं, सगळं दगडी, ना एएसआयच्या (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या) यादीत ना राज्य पुरातत्त्वच्या, त्यामुळे वाली कोण तर आम्हीच. कुणीतरी शिखराचा फोटो टाकला, त्यावर पिंपळ हात-दीड हात वाढलेला, खाली सगळी भिंत काळी. आणि सल्ले काय आले बघा. तेजाब मारा, एका दिवसात चकाचक. प्रेशरवाला पंप आणा. ब्लीचिंग पावडर. एकानं तर लिहिलं की ऑइल पेंट मारून टाका, दहा वर्षं बघायला नको.

मी आयुष्यभर बॉटनी शिकवली म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे, काकू, ही काई घालवायला काय मारायचं ते सांगा. मी विचारलं, पाणी कुठून येतंय? तर दोन तास ग्रुपवर शांतता. लोकांना औषधाचं नाव हवं असतं, आणि मी मात्र दरवेळी पाण्यावर येते, त्यामुळे माझा सल्ला फारसा कुणाला आवडत नाही हे मला माहितीये. तरी लिहितेच आहे, कारण हेच प्रश्न दर पावसाळ्यात मला वेगवेगळ्या लोकांकडून येतात आणि फोनवर तेच तेच बोलून घसा बसतो.

आधी एक गोष्ट, आपण जिला सरसकट काई म्हणतो ती एक वस्तू नाही. भिंतीवर निदान चार-पाच वेगळे जीव राहतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जी पोपटी-हिरवी, बोटाला बुळबुळीत लागते ती हिरवी शैवाल, तिला सतत ओल लागते, ओल संपली की ती संपते. दगडांच्या सांध्यात जिथं थोडी माती साठते तिथं मखमलीसारखं जे येतं ते मॉस. आणि जे काळं असतं, ज्याला लोक धूर म्हणतात, जुनाट मळ म्हणतात, गाड्यांचं प्रदूषण म्हणतात, त्यातलं बरंचसं जिवंत असतं. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शैवालासारखे उन्हावर स्वतःचं अन्न करणारे बॅक्टेरिया. हे फार चिवट प्रकरण आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दगडाला हात लावता येत नाही इतका तापतो, आणि हे तिथंच वाळून पापडीसारखे पडून राहतात, महिनोन्‌महिने, जरूर पडली तर वर्षानुवर्षं. उन्हापासून वाचायला त्यांनी स्वतःभोवती गडद रंगाचं आवरण केलेलं असतं, म्हणून काळे दिसतात. खरं की खोटं बघायचं असेल तर उन्हाळ्यात त्या काळ्या डागावर पाणी शिंपडा आणि थोडं थांबा, पुष्कळदा तो हिरवट व्हायला लागतो. काजळी कधी हिरवी होत नाही. मुलांना मी हे किल्ल्यावर नेऊन दाखवायचे तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट लक्ष देऊन बघायची.

चौथा प्रकार लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ते हेच, फक्त तो पानासारखा सुटा प्रकार, आणि दगडावर जे राखाडी, पिवळे, शेंदरी गोल ठिपके चिकटून बसलेले असतात तो खपलीसारखा. हे खपलीवाले इतके हळू वाढतात की वर्षाला मिलिमीटर, काही तर त्याहून कमी. तळहाताएवढा गोल दिसला तर तो आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो. महाराज बाड्याच्या, म्हणजे इथल्या मुख्य चौकाच्या, आसपास ट्रॅफिकमध्ये तुम्हाला हे फार दिसणार नाहीत, लायकेनला गंधकाचा धूर सोसत नाही, किल्ल्यावर कमी वर्दळीच्या तटाकडे जा, तिथं भरपूर. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत (एनबीआरआय) लायकेनचा मोठा संग्रह आहे आणि तिथल्या लोकांनी स्मारकांवरच्या लायकेनवर बरंच काम केलंय, आपल्या मध्य प्रदेशातल्यासुद्धा.

आता ही मंडळी दगडाचं नुकसान करतात का? करतात. लायकेनचे धागे दगडाच्या आत काही मिलिमीटरपर्यंत शिरतात, ऑक्झॅलिक ॲसिड सोडतात. सायनोबॅक्टेरियाचं चिकट आवरण ओलं झालं की फुगतं, वाळलं की आवळतं, आणि असं हजारो वेळा झालं की दगडाचे वरचे कण सैल होतात. काळा रंग ऊन जास्त ओढतो त्यामुळे दगड तापतो जास्त. पण हे सगळं सावकाश चालतं. आपला ग्वाल्हेरचा दगड वालुकाश्म, विंध्य रांगेतला, म्हणजे क्वार्ट्झचे कण एकमेकांना चिकटून झालेला, आणि चांगल्या थरातला असेल तर भलताच टणक. किल्ल्यावरचं सास-बहूचं मोठं देऊळ १०९३ चं, तेली का मंदिर त्याच्याही आधीचं, आणि त्यांच्यावरचं कोरीवकाम अजून वाचता येतं. हजार वर्षांत शेवाळानं जेवढं खाल्लं नाही तेवढं माणूस तारेच्या ब्रशनं एका दुपारी काढू शकतो. मला हेच सांगायचंय, बाकी सगळं याच्या भोवती.

तेजाबाचं घ्या. शहरातल्याच एका देवळात, नाव नाही घेत, जीर्णोद्धाराच्या ठेकेदारानं बाथरूम धुवायचं तेजाब बादलीत ओतून झाडूनं सगळ्या भिंतीला मारलं. पहिल्या आठवड्यात लोक खूश, दगड एकदम पांढुरका, फोटो-बिटो, सत्कार. क्वार्ट्झला या ॲसिडचं काही होत नाही हे खरं, पण कण जोडून धरणारा जो मसाला असतो निसर्गाचा, त्यात कुठे चुना कुठे लोह, तो सुटतो. लोह बाहेर येऊन गंजासारखे पिवळे ओघळ आले. सांध्यांतला चुना तर डोळ्यांसमोर फसफसून गेला, आणि सांधा मोकळा झाला की पाणी आत. वर ॲसिड आणि चुन्यापासून जो क्षार होतो तो हवेतलं पाणी ओढतो, म्हणजे भिंत आधीपेक्षा जास्त ओली. पुढच्या पावसाळ्यात ती भिंत पुन्हा काळी, आणि आधीपेक्षा एकसारखी काळी, कारण पृष्ठभाग खरखरीत झाला की या जीवांना पाय रोवायला बरंच. मी तेव्हा कमिटीवर नव्हते, नुसती बघत होते, आणि सत्काराचे पेढे मात्र मलाही मिळाले.

प्रेशर पंपाचं तसंच. जोरात मारलेलं पाणी सैल झालेला थर उडवतं आणि उरलेलं पाणी सांध्यांतून थेट भिंतीच्या पोटात घालतं. ज्याला तहान लागलीये त्यालाच पाजायचं. तारेचा ब्रश ओरखडे पाडतो आणि तारांचे तुकडे मागे राहून गंजतात. ब्लीचिंग पावडरनं रंग जातो, जीव सगळे जात नाहीत, आणि क्षार मागे राहतात. ऑइल पेंटवर मी काही लिहित नाही.

मग करायचं काय. आधी भिंत वाचायची, आणि हे काम भर पावसात छत्री घेऊन करायचं असतं, उन्हात सगळ्या भिंती शहाण्या दिसतात. वरून खाली येणारे काळे पट्टे दिसले की मान वर करा, पट्टा जिथून सुरू होतो तिथं काहीतरी फुटलेलं असणार, छज्जाची फरशी नाहीतर पन्हळ. जुन्या कारागिरांनी छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच ठेवलेली असते, पाणी तिथं अडून भिंतीपासून लांब टपकतं. नंतरच्या डागडुजीत कुणीतरी हमखास ती खाच सिमेंटनं भरून टाकतो, दिसायला बरी दिसत नाही म्हणून, आणि मग सगळं पाणी छज्जाच्या पोटाखालून भिंतीवर. हिरवं जर खालच्या दोन-तीन फुटांत असेल तर ओल जमिनीतून चढतेय किंवा अंगणातल्या फरशीवरून पाणी उडतंय. आपल्याकडे नगरपालिकेनं रस्ता दरवेळी वर वर केलाय आणि देवळं खड्ड्यात गेलीत, त्यामुळे हा प्रकार गल्लोगल्ली. पांढरी भुकटी दिसली तर ते क्षार, तिथं कुठंतरी जवळ सिमेंट असतं. आणि उत्तरेकडची भिंत नेहमीच जास्त हिरवी असणार, तिला ऊन मिळत नाही, त्यात कुणाचा दोष नाही.

आमच्या देवळाचं असं वाचलं तेव्हा निघालं काय, तर सभामंडपाच्या छतावरची दोन पन्हळं बुजलेली. एकात पानं, कबुतरांची घरटी, प्लॅस्टिक, निर्माल्याची पिशवी (छतावर निर्माल्य कुणी नेलं हे कोडं सुटलेलं नाही). दुसरं कुणीतरी पाण्याची टाकी ठेवताना मुद्दाम बंद केलेलं. छताचं सगळं पाणी मग मागच्या भिंतीवरून, आणि नेमकी तीच भिंत काळी. मिस्त्रीनं एका सकाळीत दोन्ही मोकळी केली, टाकी हलवायला मात्र तीन मीटिंगा लागल्या कारण ती कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ होती.

उरवाई घाटीतून किल्ल्यावर चढताना डोंगरात कोरलेल्या जैन मूर्ती बघा, पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या, सगळ्यात उंच आदिनाथ ५७ फूट. बाबराच्या हुकमानं फोडलेले चेहरे सगळे दाखवतात, गाइडही तेवढंच सांगतात, पण डोक्यावरून खांद्यावर आणि पुढे खाली उतरलेले काळे ओघळ कुणी बघत नाही. तिथं पाणी वरून तर येतंच पण डोंगराच्या भेगांतून, मूर्तीच्या पाठीतूनही येतं, कारण मूर्ती म्हणजे डोंगरच. समोरून कितीही घासा, पाझर मागून चालू. अशा ठिकाणी खरं काम असतं ते वर, मूर्तीच्या डोक्याच्याही वर पाण्याला दुसरी वाट काढून द्यायचं. फोटोत न दिसणारं काम, म्हणून त्याला पैसे मिळायला वेळ लागतो. २०२४ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला युनेस्कोच्या टेंटेटिव्ह, म्हणजे जागतिक वारशासाठी विचार व्हायच्या, यादीत आलाय, तर बघू.

आता औषधांचं. मी औषधविरोधी नाही, पण क्रम असतो. एएसआयची रसायनशाखा जुनी आहे, १९१७ पासूनची, मुख्यालय देहरादूनला, आणि त्यांची नेहमीची पद्धत म्हणजे पातळ अमोनिया आणि सौम्य डिटर्जंट पाण्यात मिसळून नायलॉनच्या मऊ ब्रशनं साफ करायचं, भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं, मग जंतुनाशक, आणि शेवटी पाणी न शोषणारा लेप. पूर्वी हा लेप ॲक्रिलिकचा असायचा, तो काही वर्षांनी पिवळा पडतो आणि आतली ओल आत कोंडतो. आता सिलेन-सिलोक्झेनचे लेप आलेत, ते छिद्रं बंद करत नाहीत, वाफ बाहेर जाऊ देतात. पण भिंतीत मागून किंवा खालून पाणी येत असेल तर हाही लेप म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट.

आणि नुसती सफाई केली की काम झालं असंही नसतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच लोकांचं आहे. कंबोडियात अंगकोर वाटला १९८६ ते १९९३ एएसआयची टीम काम करत होती. तिथं युद्धाचे दिवस, इतर देशांतलं फारसं कुणी जायला तयार नव्हतं, आणि आपली माणसं गेली, जंगल काढलं, ढासळलेले भाग उभे केले, ते मोठंच काम. पण दगडावरची सगळी वाढ रसायनं लावून, घासून काढली त्यावर पुढे बरीच टीका झाली. नंतर ज्यांनी अभ्यास केला त्यांचं म्हणणं असं की रंगीबेरंगी लायकेन गेले आणि मोकळ्या दगडावर काळे सायनोबॅक्टेरिया आले, म्हणजे देऊळ उलट काळवंडलं. बॉटनीवाल्यांना यात आश्चर्य नाही, मोकळी जागा कधी मोकळी राहत नाही. शेत नांगरून सोडलं तर पहिलं तण येतं, पीक नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टनला जेफरसन मेमोरियल आहे, पांढरा संगमरवरी घुमट, त्यावर साधारण २००६ पासून काळा थर दिसायला लागला. त्यांच्याकडे पैसा भरपूर, तरी लगेच काही फासलं नाही, वर्षानुवर्षं लहान लहान तुकड्यांवर वेगवेगळ्या गोष्टी करून बघितल्या, आणि शेवटी लेझरनं साफ केलं. लेझर आपल्याला परवडणार नाही, पण तुकड्यावर करून बघणं फुकट आहे. कुठलंही औषध आधी मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा वीतभर जागेत लावा आणि एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. आमच्या ट्रस्टींना हे सांगितलं तर म्हणाले, काकू, गणपती तीन आठवड्यांवर आलेत. म्हटलं बाप्पा दगडाचा रंग बघून येत नाहीत.

जे औषध मी सुचवते ते साधं, बेंझाल्कोनियम क्लोराइड, हॉस्पिटलमध्ये फरशी पुसायच्या द्रावणात पुष्कळदा असतं ते, पातळ करून. पण पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लावायचं आणि सोडून द्यायचं, लगेच घासायचं नाही. काही आठवड्यांत वाढ मरते, वाळते, सुटते, मग कोरड्या मऊ ब्रशनं बरीचशी आपोआप पडते. लायकेन जिवंत असताना खरवडलं तर त्याच्या धाग्यांबरोबर दगडाचे कण निघून येतात, मेल्यावर पकड ढिली होते. आणि सगळं काढायचा हट्ट नको. व्हॅटिकनच्या बागेतल्या मूर्तींवर तुळशीच्या कुळातल्या वनस्पतींची तेलं वापरून बघितलीत, ऐकायला फार छान, पण आपल्या शिखराला तेल लावायचा खर्च आधी काढा.

खरं तर काही ठिकाणी मी म्हणेन की राहू द्या. किल्ल्याच्या तटावर, जिथं कोरीवकाम नाही, तिथले लायकेन काढून काय मिळणार? काही दगडांवर लायकेनची खपली पावसाचा मार स्वतःवर घेते असंही दिसून आलंय. ऑक्सफर्डच्या लोकांनी तर आयव्हीच्या वेलीवर अभ्यास केला, सगळे म्हणायचे वेल भिंत खाते, आणि निघालं असं की जिथं भिंतीला आधीच भेगा नाहीत तिथं वेलीमुळे भिंतीचं तापणं-गारठणं कमी होतं, धूळ-धूरही पानांवर अडतो. म्हणून शिलालेख, मूर्तीचे चेहरे, जाळ्या, म्हणजे मोहम्मद घौसच्या मकबऱ्यासारखं बारीक काम असेल तिथं काळजी घ्या, बाकी भिंतीला थोडं म्हातारं दिसू द्या. दगडाचं नवंकोरं दिसणं हा आपल्याला टाइल्सच्या दुकानांनी लावलेला नाद आहे.

पिंपळाचं मात्र राहू द्या म्हणता येत नाही. इथं मी अगदी कडक. पिंपळ, वड, उंबर ही एकाच घराण्यातली, बी राईपेक्षा बारीक, पक्ष्याच्या विष्ठेतून सांध्यात पडतं, चिमूटभर धुळीत रुजतं आणि मूळ ओलीच्या मागे चुन्याच्या सांध्यातून आत आत जातं. मग जाड व्हायला लागतं, आणि दोन-दोन मणांचे दगड हलवतं. आपले लोक काय करतात, दर दिवाळीला वरून छाटतात. छाटलं की वर चार फांद्या आणि आत मूळ अजून जाड. म्हणजे दरवर्षी पगार देऊन पहारी ठोकल्यासारखं.

बोटभर रोप असेल तर पावसाळ्यातच, चुना ओला असताना, हातानं हळू मुळासकट निघतं, हे काम ज्यांच्या घरी जुनी वास्तू आहे त्यांनी दरवर्षी करावं, एक शिडी आणि एक पोरगा पुरतो. मोठं झालं असेल तर ओढायचं नाही, ओढलं तर शिखराचा तुकडा हातात येतो. बुंध्याशी कापायचं, ताज्या कापावर ड्रिलनं भोकं पाडायची, आणि लगेच, काही मिनिटांत, त्यात ग्लायफोसेट नाहीतर ट्रायक्लोपायर भरून वरून बंद करायचं. फवारणी नाही, फक्त भोकात. ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच लावून घ्यायचं असा केंद्र सरकारचा २०२२ चा आदेश आहे, तेव्हा स्वतः हौस करू नका. हिंग भरायचा जुना उपाय सगळे सांगतात, मी त्याच्या भरवशावर शिखर सोडणार नाही. मूळ मेलं, वाळलं की ते भिंतीतून उपसायचं नाही, पुढे ते कुजून पोकळी होते तेव्हा तिथं पातळ चुना भरायचा. चुनाच. सिमेंट दगडापेक्षा घट्ट असतं, भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही मग दगडातून पडते, क्षार दगडात फुलतात आणि सांधा शाबूत, दगड भुसा, असं उलटं चित्र दिसतं, बाड्याजवळच्या वाड्यांमध्ये कुठंही बघा. विटेची सुर्खी घालून चुना मळणारे, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, उडदाची डाळ घालणारे कारागीर आता शोधावे लागतात पण मिळतात.

मोठी अडचण झाली ती श्रावणाची. श्रावणी शनिवारी आपल्याकडे अश्वत्थ मारुतीची पूजा, आणि नेमका त्याच महिन्यात मी पिंपळ कापा म्हणतेय. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, वहिनी, तुमचं शास्त्र ठीक आहे पण मी काही हो म्हणणार नाही. मग तोडगा गुरुजींनीच काढला. त्यांनी लहान रोपं दोन काढून कुंडीत लावायला सांगितली, मोठ्याची क्षमा मागून पूजा केली, श्रावण संपेस्तोवर थांबले, आणि कुंडीतली रोपं पुढे मुरारकडे एका मोकळ्या जागेत लावायची ठरली, मोठी झाली की त्यांची मुंजही करू म्हणाले. मला हे फार आवडलं. पिंपळाशी माझं भांडण नाहीच, त्याच्या पत्त्याशी आहे.

बॅक्टेरिया सगळे शत्रूच असतात असंही नाही बरं का. मिलानच्या कॅथेड्रलवर संगमरवरावरचा काळा गंधकी थर खायला बॅक्टेरियाच वापरून बघितले, आणि फ्रान्समध्ये थुआर गावच्या चर्चच्या टॉवरवर १९९३ मध्ये बॅक्टेरियाकडून चुन्याचा बारीक थर घालून घेतला, दगड धरून ठेवायला. ते चुनखडी-संगमरवराचं तंत्र, आपल्या वालुकाश्माला सरळ लागू होईल असं नाही. शिवपुरीच्या शिंद्यांच्या छत्र्या (समाध्या) संगमरवरी आहेत, तिथं कधीतरी कुणी करून बघावं.

आमच्या देवळाचं सध्याचं असं की पन्हळं मोकळी, टाकी हललेली, छज्जाच्या खाचेतलं सिमेंट छिन्नीनं काढायचं काम चालू, आणि मागची भिंत यंदाच्या गणपतीत काळीच होती. एका ट्रस्टीनं तिच्यापुढे पडदा लावला, फुलांच्या माळा सोडल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. औषध दिवाळीनंतर, तेही वीतभर.

अडलंय ते कबुतरांवर. शेजारचे काका रोज सकाळी छतावर बाजरी टाकतात, कित्येक वर्षांचा नेम, आणि विष्ठेचा थर असा की खुरप्यानं काढावा लागतो. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, म्हणजे शेवाळाला आणि बुरशीला आयतं खत, शिवाय क्षार दगडात उतरतात ते वेगळंच. मी कमिटीत म्हटलं छतावर दाणे बंद, कोनाड्यांना जाळी. काकांनी शांतपणे विचारलं, पिंपळ माझ्या कबुतरांनी आणला का? आता मी बॉटनीवाली, खोटं कसं बोलणार, कबुतराच्या पोटात दाणे दळले जातात, पिंपळाचं बी जिवंत बाहेर पडतं ते जास्त करून मैना, बुलबुल, कोकीळ यांच्याकडून, असं सांगून बसले. काका उठून सगळ्यांना म्हणाले, ऐकलंत ना, काकू स्वतः म्हणतायत, मग जाळी मैनेला लावा, बाजरी चालू राहील.